गव्हाणीतलं झबलं

माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी चाळीस दिवसांची होते. आई सांगायची, कपाळावर पाणी पडताच मी असा काही टाहो फोडला की पाळकसाहेबांना पुढचे शब्द ओरडून म्हणावे लागले. म्हणजे ख्रिस्ती मी तेव्हापासूनची. पण ख्रिस्ती माणसाची आशा म्हणजे नेमकं काय, हे कळायला मला चौदावं वर्ष उजाडावं लागलं, आणि तेही कुठल्या प्रवचनातून कळलं नाही. प्रवचन चालू असताना मी शेवटच्या बाकावर बसून पुढच्या बायकांच्या पोलक्यांच्या पाठी बघायचे. कुणाची शिवण सरळ, कुणाची तिरकी. शिंप्याच्या पोरीला दुसरं काय सुचणार! ते कळलं एका चोरीतून, आणि चोर मी होते. सत्तरी ओलांडल्यावर कबूल करायला आता हरकत नाही. शिवाय जिच्या ट्रंकेतून चोरलं तिनं मला केव्हाच माफ केलं.

आमचं घर म्हैसूरच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत होतं. पुढच्या खोलीत बाबांचं शिवणकाम, मागे आम्ही. आम्ही इथलेच मराठी शिंपी, किती पिढ्यांचे ते बाबांनाही सांगता यायचं नाही. आजोबा तरुणपणी मिशनच्या लोकांचे झगे शिवायचे, आणि झगे शिवता शिवता त्यांनी त्यांचा देवही घेतला, असं समोरच्या घरातले चुलतकाका चेष्टेनं म्हणत. काका विठ्ठलाचे भक्त. एकादशीला त्यांच्याकडे टाळ वाजू लागले की बाबा मशीनवरचा पाय थांबवून ऐकत, आणि डिसेंबरात आमच्याकडे नाताळची गाणी सुरू झाली की काकू खिडकीत येऊन उभ्या राहत. देव बदलला तरी आमची सुई तीच राहिली, आणि सुईबरोबर सुईचे नियमही राहिले. तिन्हीसांजेला कात्री उघडी टाकायची नाही. ज्याच्या अंगाला टेप लावली नाही त्याचं कापड कापायचं नाही. आणि जे मूल अजून पोटात आहे त्याच्यासाठी तर कात्रीला हातसुद्धा लावायचा नाही. बाळ येऊ दे, रडू दे, मग झबलं. तोवर जुन्या धोतराची बाळंती, तीही आयत्या वेळी फाडलेली. हा शेवटचा नियम समोरच्या घरात पाळत आणि आमच्याही घरात पाळत, आणि तो ना विठ्ठलानं सांगितलेला ना येशूनं, हे कुणाच्या डोक्यात येत नसे.

माझी वहिनी सुगुणा बन्नूरची. तिचं माहेर कन्नड बोलणारं, घरची भातशेती आणि ऊस. तिचे वडील बसनं आले की पिशवीतून गुळाची ढेप काढून आधी माझ्या हातात देत आणि मग माणसांकडे वळत. लग्नानंतर वर्षभरात वहिनी मराठी बोलायला शिकली, म्हणजे आम्ही बोलतो ती मराठी, जिच्यात दर चौथा शब्द कन्नड असतो आणि जी पुण्याकडचे पाहुणे तोंडावर हात धरून ऐकतात. आईला ती कन्नडातलंच ‘अत्ते’ म्हणायची, म्हणजे सासूबाई. दादाचं काम हुणसूर रस्त्याला हिनकलच्या पुढे एका वर्कशॉपात. सकाळी सायकलवर डबा अडकवून जायचा तो संध्याकाळी धुळीनं माखून यायचा. वहिनी हसली की मागच्या अंगणापर्यंत ऐकू जायचं. आई म्हणायची, ‘हळू गं, बाबांची शिवण वाकडी जाईल.’ बोलायची रागानं, आणि तिच्या विनोदांना सगळ्यांत जास्त हसायची तीच.

वहिनीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आई इतकी हरखली की तिनं नियम मोडला. बाबा ‘अगं, थांब की’ म्हणत राहिले, पण ऐकतंय कोण! पांढऱ्या मलमलीचं झबलं तिनं हातानं शिवलं, मशीनवर नाही, आणि खालच्या घेरावर निळ्या दोऱ्यानं चिमण्यांची एक रांग भरली. निळा रंग वहिनीनं निवडला होता. दोघी दुपारी मागच्या पायरीवर बसत, आई चिमण्या भरी, वहिनी दोरा ओवून देई, आणि आई गात असे. आईचा आवाज फार गोड होता असं नाही, पण गाण्यावर तिचा भरवसा होता. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. इस्पितळातून आल्यावर आईनं ते झबलं, टोपडं, दुपटं, सगळं कडुलिंबाच्या पाल्यात घालून ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंकेची किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली. एकदा मी पाणी प्यायला उठले तेव्हा ती बाबांना म्हणताना ऐकलं, ‘माझ्याच कात्रीनं झालं.’ बाबा म्हणाले, ‘असं काही नसतं.’ पण त्यांचा आवाज असा होता की असतं की काय अशी शंका त्यांनाही असावी. शेवटी तेही शिंपीच. त्यानंतर आईनं गाणं बंद केलं. चर्चमध्ये ती पुस्तक उघडून उभी राही, ओठ मिटलेले.

सहा महिन्यांनी वहिनीला पुन्हा दिवस गेले. ही बातमी आमच्या घरात कुणी कुणाला सांगितली नाही. पोट दिसायला लागलं तेव्हा सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी न कळल्यासारखं केलं. ‘बाळ’ हा शब्दच घरातून गेला. ‘सुगुणाची तब्येत’ म्हणायचे. सुगुणाच्या तब्येतीला आंबट नको, सुगुणाच्या तब्येतीला बादली नको. ती उठली की चार हात पुढे यायचे, आणि ती चालताना सगळे तिच्याकडे असे बघायचे, जणू एखादं मूल उंच फळीवरची लोणच्याची बरणी काढत असावं. वहिनीचं हसणं आता अंगणात ऐकू येत नसे. ती मागच्या पायरीवर बसून भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सुपात सोलत राही. डिसेंबर म्हणजे म्हैसुरात अवरेकाळूंचा महिना. दाणा दोन बोटांत दाबला की टुपकन सालीबाहेर उडतो. ती दाबायची, दाणा उडायचा, आणि ती दुसरा घ्यायची. भरल्या सुपाकडे तिचं लक्षच नसे.

नाताळच्या आधीचे चार रविवार, त्याला आम्ही आगमनकाळ म्हणतो. येणाऱ्याची वाट बघायचा काळ. आमच्या चर्चमध्ये वेदीशेजारी चार मेणबत्त्या असत आणि दर रविवारी एक जास्त लागे: पहिली आशेची, दुसरी शांतीची, तिसरी आनंदाची, चौथी प्रीतीची. आणि कोपऱ्यात गोदली. गोदली म्हणजे येशूजन्माचा देखावा, मेंढरं, गोठा, सगळं. इतर ठिकाणी देखावा एका दिवसात मांडतात. आमच्याकडे तो महिनाभर चाले. पहिल्या रविवारी नुसता गोठा. दुसऱ्या रविवारी गव्हाण आणि बन्नूरकडून आणलेला भाताचा पेंढा. तिसऱ्या रविवारी गव्हाणीत बाळाचे कपडे मांडायचे, नवं झबलं, नवं दुपटं. बाळ मात्र नाताळच्या सकाळी. ते प्लास्टरचं बाळ कुण्या जुन्या मिशनरीनं आणलेलं, खऱ्या बाळाएवढं, एका पायाचा अंगठा उडालेला. म्हणजे दहा-बारा दिवस गव्हाणीत बाळ नसायचं, फक्त त्याचे कपडे वाट बघत पडलेले असायचे. दर वर्षी ते कपडे आई शिवायची. आमच्या घरचा नियम आणि चर्चची ही रीत एकमेकांच्या अगदी उलट आहेत, हे मी तोवर कधी जोडून पाहिलं नव्हतं. चर्चचं बाळ प्लास्टरचं होतं, त्याला कसली दृष्ट लागणार!

पहिल्या रविवारी उपासना सुटल्यावर रोझलीन टीचर आईपाशी आल्या. रविवारची शाळा त्यांच्याकडे होती आणि गोदलीही. आदल्या वर्षी त्यांनी विचारलं नव्हतं. या वर्षी त्यांनी आईचा हात धरून कन्नडात विचारलं, ‘गव्हाणीचे कपडे शिवणार ना?’ आई म्हणाली, ‘हाताला कळ येते, टीचर. या वर्षी बेडा.’ नको म्हणाली. टीचरनी आईच्या हाताकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि तिचा हात सोडला. पण मी बाहेर चपला शोधत होते तेव्हा मला गाठून म्हणाल्या, ‘तू मशीन शिकलीयेस म्हणे. तूच शिव की, मगळे.’ मगळे म्हणजे पोरी. झालं, मी हवेत! माझ्या वयाच्या कुणाला एवढं मोठं काम मिळालं नव्हतं. टीचरच्या मनात काय होतं कोण जाणे. मला आता वाटतं, कपडे आमच्याच घरातून यावेत एवढाच त्यांचा हट्ट असावा.

घरात मी कुणाला सांगितलं नाही. दुपारी बाबा पडले की मशीनवर बसायचे. पहिलं झबलं शिवलं त्याचा गळा इतका लहान झाला की त्यातून माझी मूठ जाईना. दुसऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. तिसऱ्यासाठी कापड उरलं नाही. हे सगळं मी चिंध्यांच्या गाठोड्यात दडवलं आणि तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, माझ्या हातात काही नव्हतं. टीचरना काय सांगायचं? शनिवार आईचा डोक्यावरून न्हायचा दिवस. न्हाणीघराबाहेरच्या खिळ्याला तिचं जुडगं लोंबत होतं, आत तांब्याचा आवाज येत होता. मी ट्रंक उघडली. कडुलिंबाचा वास आला. झबलं वरच होतं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, खरंच सांगते. मी एवढाच विचार केला की हे इथे नुसतं पडलंय, नाताळ झाला की परत ठेवू, कुणाला कळणारही नाही. निळ्या चिमण्या मला दिसल्या, आवडल्या, आणि त्या सबंध म्हैसुरात एकाच घरच्या आहेत हे मात्र सुचलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीची अक्कल ती! झबलं कागदात गुंडाळून मी धावत टीचरकडे देऊन आले.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये शिरले आणि गोदलीकडे नजर गेली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं मी काय केलं ते. पेंढ्यावर ते पांढरं झबलं पसरलेलं होतं, दोन्ही बाह्या उघडून, जणू कुणी आत्ता उचलून घ्या म्हणत असावं, आणि चिमण्या पार मागच्या दारातून दिसत होत्या. तिसरी मेणबत्ती लागायची होती, आनंदाची. आईनं झबलं बघितलं आणि ती बाकावर बसली नाही, कोसळली. बाबांनी तिचा दंड धरला. मी वहिनीकडे बघितलं. वहिनी सगळ्यांत मागून, दादाच्या आधारानं, सावकाश येत होती. ती थांबली. मग दादाचा हात सोडून ती सरळ गोदलीपाशी गेली. कठड्याला धरून उभी राहिली, आठवा महिना भरत आलेला, आणि बघत राहिली. मला वाटलं ती आता पडेल, किंचाळेल, आणि ते सगळं माझ्यामुळे. पेटी सुरू झाली, लोक उठून गायला लागले, बाळ येणार आहे, दारं उघडा, अशा अर्थाचं आमच्याकडचं जुनं कन्नड गाणं. वहिनी तिथंच उभी. आणि मग, देवाशपथ, मी तिचे ओठ हलताना बघितले. ती गात होती.

उपासना सुटली. दादानं वहिनीला टांग्यातून आणलं, आम्ही तिघं चालत. आल्या आल्या आईनं जुडगं जमिनीवर टाकलं. ‘ट्रंक कुणी उघडली?’ मी म्हणाले, ‘मी.’ मला वाटलं आता कानफटात बसेल, आणि बसली असती तर बरं वाटलं असतं. पण आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती दादाला म्हणाली, ‘जा, आत्ताच्या आत्ता घेऊन ये ते. माझ्या नातवाचं झबलं रिकाम्या गव्हाणीत पडलंय. एकदा रिकामं राहिलं ते पुरे नाही झालं? साकु!’ साकु म्हणजे बस्स. दादा सायकल काढायला वळलाही होता.

‘इरली, अत्ते,’ वहिनी म्हणाली. ‘राहू दे तिथंच.’ ती खुर्चीवर बसली नव्हती, दारातच उभी होती, पदर खोचून, जणू भांडायला आली असावी. ‘एक वर्ष झालं. त्या बाळाबद्दल ह्या घरात कुणी बोललं नाही. माझ्यासाठीच बोलला नाही तुम्ही, कळतं की मला. पण कधी कधी मला वाटायचं, ते आलंच नव्हतं की काय माझ्या पोटात? सुम्मने, उगाच मीच काही स्वप्न बघितलं काय? आज त्याचं झबलं बघितलं. बरं वाटलं, अत्ते. रडू आलं, पण बरं वाटलं.’ दादा म्हणाला, ‘सुगुणा, बस आता.’ ती म्हणाली, ‘नाही, बोलू द्या मला. तिथं गव्हाणीत बाळ नाही, नुसतं झबलं. आणि सगळं चर्च उभं राहून गातंय. रिकामं आहे म्हणून कुणी घाबरलं नाही. येणार आहे म्हणून मांडलंय ते. अन् माझ्या ह्या मगूचं?’ तिनं पोटावर हात ठेवला. मगू म्हणजे लेकरू. ‘ह्याचं काय आहे ह्या घरात? एक चिंधी नाही, एक नाव नाही. ह्याच्यासाठी शिवा तुम्ही. आलं तर घालेल. नाही आलं...’ पण तिनं वाक्य सोडलं नाही. ‘नाही आलं तर आपण त्याची वाट बघितली होती, एवढं तरी त्याचं होईल.’

आई भिंतीला टेकून खाली बसली. तिनं जमिनीवरचं जुडगं उचलून हातात धरलं. शेवटी ती म्हणाली, ‘आणि माझ्या हातानं पुन्हा तसंच झालं तर?’ हे ती वर्षभर मनात घेऊन भाकऱ्या भाजत होती, काज करत होती, आम्हाला वाढत होती. वहिनी तिच्याशेजारी बसली. आठव्या महिन्यात जमिनीवर बसणं म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. म्हणाली, ‘तुमच्या हातानं काही नाही झालं, अत्ते. तुमच्या हातानं फक्त झबलं झालं.’ मग आई रडली. गेल्या वर्षी इस्पितळातसुद्धा ती रडली नव्हती. मीही रडायला लागले, कारण मी चोर होते आणि माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

बाबा आतापर्यंत मशीनच्या स्टुलावर बसून होते. माझे बाबा फार बोलणारे नव्हते आणि धर्माविषयी तर मुळीच नाही. तो मान पाळकसाहेबांचा, असं त्यांचं मत. पण त्या दिवशी ते घसा खाकरून म्हणाले, ‘एक गोष्ट माझ्या ध्यानात नव्हती आली बघ. मरिया नाझरेथहून निघाली तेव्हा अवघडलेली होती. बेथलेहेमात उतरायला जागा नाही, ओळखीचं कुणी नाही. तरी बाळ झालं तेव्हा गुंडाळायला बाळंतं होतं तिच्यापाशी. कुठून आलं? घरूनच नेलं असणार की. म्हणजे बाळ यायच्या आधी फाडलं, शिवलं, घडी करून ठेवलं. तिनं नियम मोडला होता.’ एवढं बोलून ते जरा लाजलेच. मी पुढे खूप प्रवचनं ऐकली, काही चांगलीही ऐकली, पण त्या गोष्टीत बाळंत्याकडे शिंप्याच्या नजरेनं बघणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

आईनं डोळे पुसले. बाबांनी फळीवरून मलमलीचा तुकडा काढला, आणि मग त्यांची मोठी कात्री, जिला घरात कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे, ती आईपुढे ठेवली. हातात खडू घेऊन सवयीनं विचारलं, ‘माप?’ आणि स्वतःच ओशाळले. चिमण्यांचं झबलं सोडलं तर अंगाला टेप लावल्याशिवाय आमच्याकडे कधी काही कापलं गेलं नव्हतं. आईनं वहिनीकडे बघितलं. मग तिनं हात उचलला आणि वहिनीच्या पोटावर ठेवला. त्या सगळ्या महिन्यांत आईनं त्या पोटाला पहिल्यांदा हात लावला असेल. ठेवला तो तसाच राहू दिला. थोड्या वेळानं ती एकदम म्हणाली, ‘अय्यो! लाथ मारतोय मला!’ आणि वहिनी हसली, तिचं जुनं, अंगणापर्यंत जाणारं हसणं. आईनं कापडावर एक वीत टाकली, तिच्यापुढे चार बोटं आणखी टाकली, बाबांनी खूण केली, आणि आईनं कात्री चालवली. कापड कापतानाचा तो करकर आवाज मी त्या घरात हजार वेळा ऐकला असेल. पण त्या दिवशी तो चालू असताना कुणी श्वासही घेत नव्हतं.

झबलं चार दिवसांत झालं. या वेळी चिमण्या नव्हत्या, घेरावर भाताच्या लोंब्या होत्या, बन्नूरच्या. फक्त आईनं नाड्या लावल्या नाहीत. झबल्याला पाठीशी बांधायच्या चार नाड्या असतात. त्या तिनं शिवून, उलटवून, इस्त्री करून सुईच्या डबीत ठेवल्या. म्हणाली, ‘आवाज ऐकला की लावीन.’ वहिनीनंही हट्ट केला नाही. एका दिवसात सगळी भीती जाते असं कुणी म्हणत असेल तर त्यानं कधी काही गमावलेलं नसावं.

इथे जरा थांबते. मी हे लिहितेय ती खोली म्हैसुरातल्याच कुवेंपुनगरातली, खाली रस्त्यावर स्कूटरी चालू आहेत, आणि समोरच्या घरानं काल कागदी तारा टांगला आहे, म्हणजे आगमनकाळ लागला. वाचणाऱ्याला एव्हाना पुढचं काय ते हवं असणार. बाळ आलं का, नीट आलं का. मला ते मुद्दाम थोडं थांबवून ठेवायचं आहे. कारण त्या चार दिवसांत आम्हालाही माहीत नव्हतं. पुढे आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींची वाट बघितली. काही आल्या, काही आल्या नाहीत, आणि माझे यजमान शेवटच्या दुखण्यात असताना तर आलेलं उत्तर नको ते होतं. पण वाट बघायची कशी, हे मी त्या आठवड्यात शिकले होते. सगळं नीट होईल अशी खात्री असणं म्हणजे आशा असं मला तोवर वाटायचं. आमच्या घरात खात्री कुणालाच नव्हती. तरी घर बदललं होतं. वहिनीचे वडील आले, गूळ आला, करंज्या झाल्या, ‘बाळ’ हा शब्द परत आला, दादा चक्क रात्रीच्या जेवणात नावं सुचवायला लागला, एकाहून एक भयंकर. चौथ्या रविवारी चर्चमध्ये मी मेणबत्त्यांकडे बघत होते. आशेची सगळ्यांत आधी लावलेली, त्यामुळे ती सगळ्यांत आखूड झाली होती, मेण ओघळून पार बुटकी, पण जळत होती. शेजारी आई गात होती. सूर चुकत होता.

नाताळच्या सकाळी प्लास्टरचं बाळ चिमण्यांच्या झबल्यावर आलं. ते झबलं आईनं नंतर परत आणलं नाही. टीचरना म्हणाली, ‘ते आता याचंच.’ पुढे कित्येक वर्षं ते गोदलीत होतं. नवं झबलं मात्र तिनं धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातलं, सगळ्या गल्लीला दिसेल असं. संक्रांतीला काकू एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळगूळ, घेऊन आल्या, त्यांनी ते बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. ‘अगं, हे काय! अजून तर...’ आई म्हणाली, ‘वाट बघतोय आम्ही, जाऊबाई.’ काकूंनी हातातली वाटी आईला दिली. मग दोरीपाशी गेल्या, दोन बोटांत घेर धरून शिवण बघितली, ती बघितल्याशिवाय शिंप्याच्या बाईला राहवणार कसं, आणि जाताना त्यांनी विठ्ठलाचं नाव घेऊन झबल्याला नमस्कार केला. आईनं तो करू दिला.

त्यानंतर आठवड्यानं एका सकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या. दादा तिला घेऊन गेला, तिची आई बन्नूरहून पहिल्या बसनं थेट इस्पितळात पोचली, आणि आम्ही तिघं घरी उरलो. आईनं स्वयंपाक केला, कुणी जेवलं नाही. बाबा मशीनवर बसले होते, पाय चालू होता, मशीन चालू होतं, सुई खालीवर होत होती, पण सुईखाली कापड नव्हतं. आई मागच्या पायरीवर झबलं मांडीवर घेऊन बसली होती. दुपार कलली, गल्लीतून शेंगदाणेवाला गेला, मुलं शाळेतून आली. मग दारात सायकल पडल्याचा आवाज आला. दादानं ती उभी केली नव्हती, टाकली होती. तो चौकट धरून उभा राहिला. धाप लागली होती, तोंडावर घाम होता की काय होतं. मशीन थांबलं. दादा आईकडे बघून एवढंच म्हणाला, ‘आई, नाड्या लाव.’

आईनं डबी उघडली. सुई हातात घेतली, दोरा घेतला, आणि चाळीस वर्षं शिवणाऱ्या त्या बाईला सुईत दोरा जाईना. तो मी ओवून दिला.